'अपवादानेच नियम सिद्ध होतो' म्हणजे नक्की काय हो?

कुंपणापर्यंत

मंडळी एक शंका आहे, जरा डोकं खाणार आहे तुमचं. परवा रविवारी आमच्याकडे बारशाचं जेवण होतं, वीसेक माणसं, श्रीखंड-पुरीचा बेत. श्रीखंडाची वाटी पुढे आली आणि काकांनी नेहमीची कॅसेट लावली की आपल्या घराण्यात शुगर म्हणून कोणाला नाही, आपलं रक्तच वेगळं, आजोबा शेवटपर्यंत रोज गूळ-शेंगदाणे खायचे वगैरे वगैरे. मी म्हटलं काका, मधल्या काकांना आहे की. तर म्हणे तो अपवाद. म्हटलं आणि आत्याला? तीपण अपवाद. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज, "आणि तुमच्या उशाशी रोज सकाळच्या त्या गोळ्या कसल्या आहेत हो?" काका जराही न डगमगता म्हणाले, "अरे अपवादानेच नियम सिद्ध होतो! इंग्रज काय येडे होते का, द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल म्हणायला?" आणि वाटी पुढे केली.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. अपवाद सापडला की नियम खोटा पडायला हवा ना? सिद्ध कसा होईल? आणि एका अपवादाने सिद्ध होत असेल तर आमचा नियम आता तिप्पट सिद्ध झाला का? ही म्हण मुळात आहे काय, इंग्रजीतच असली उलटी आहे की मराठीत येताना वाट चुकली?

लिंबूटिंबू

सोप्पंय. इंग्रजीत प्रूव्हचा जुना अर्थ सिद्ध करणे नाहीच, परीक्षा घेणे असा आहे. म्हणजे अपवाद नियमाची परीक्षा घेतो, कस लावतो. आपल्याकडे भाषांतर करणाऱ्याने घोळ घातला. विषय संपला. काकांना सांगा.

बेकरीवाली

लिंबूटिंबू यांना +१. मी यॉर्कशायरमधे राहते आणि घरगुती ब्रेडच्या ऑर्डरी घेते, इथे पीठ फुगायला ठेवतात त्यालापण 'प्रूव्ह' करणंच म्हणतात. आणि यीस्ट जिवंत आहे की मेलंय ते बघायला कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं, वर फेस आला तर चांगलं, नाही आला तर फेकून द्यायचं, त्यालापण यीस्ट प्रूफ करणं म्हणतात. म्हणजे परीक्षाच झाली की. पुडिंगची परीक्षा खाऊन बघण्यात, ही इंग्रजी म्हणपण त्यातलीच.

प्रूफवाचक

आमच्या धंद्यातला शब्द आला म्हणून घुसतोय. छापखान्यात 'प्रूफ काढ' म्हणायचे ते याच अर्थाने. फर्मा छापायला लावण्याआधी एक कच्चा कागद ओढून बघायचा, चुका दिसतायत का ते. तो कागद काही सिद्ध करत नाही, उलट बऱ्याचदा जुळाऱ्याची अब्रू काढतो :) तेव्हा शब्दाला तो अर्थ आहे याबद्दल वाद नाही.

पण या म्हणीत तो अर्थ आहे का, याबद्दल मला दाट शंका आहे. शब्दाचा एखादा अर्थ असतो म्हणून तो प्रत्येक ठिकाणी तोच असतो असं नाही ना. इथे कोणी कोर्टातलं माणूस आहे का? मी ऐकलंय ते कायद्याकडून आलंय असं.

काळाकोट

हजर. तालुका कोर्टातला साधा वकील आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. जरा लांबण लागेल.

परीक्षा घेण्याची थिअरी फार लोकप्रिय आहे, अँब्रोझ बिअर्स नावाच्या अमेरिकन लेखकाने १९११ साली आपल्या विनोदी कोशात तेच सांगितलंय, आणि ऐकायला इतकी गोड आहे की पटतेच. पण बरोबर नाही. हे कायद्याचं वचन आहे. लॅटिनमधे 'एक्सेप्टिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्टिस'. अर्थ असा की जिथे अपवाद सांगितलाय ते सोडून बाकी सगळीकडे नियम लागू आहे हे त्या अपवादावरूनच कळतं. लोकांनी मागची अर्धी शेपटी कापली आणि पुढचंच डोकं घेऊन फिरायला लागले, घोळ तिथे आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधे हे वचन वापरात होतं. प्रोबात किंवा फिर्मात असे दोन्ही पाठ सापडतात आणि फिर्मात म्हणजे सरळ सरळ 'पक्का करतो', तिथे परीक्षेला जागाच नाही.

यातली कल्पना मात्र खूप जुनी, थेट रोमच्या नामांकित वकिलाची, सिसेरोची. इसवी सनपूर्व ५६ मधली केस आहे. बाल्बुस नावाचा एक माणूस, गादेसचा म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. लढाईत रोमच्या बाजूने कामाला आला म्हणून रोमन सेनापती पॉम्पेने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं. पुढे विरोधकांनी केस टाकली की गादेस हे तहाने जोडलेलं शहर, तिथल्या माणसाला त्या शहराच्या संमतीशिवाय असं परस्पर नागरिक करता येत नाही. सिसेरो बचावाला उभा. त्याचा एक मुद्दा बघा. तो म्हणाला, काही जमातींशी आपण जे तह केलेत त्यात स्पष्ट कलम आहे की यांच्यातल्या कोणाला रोमने नागरिक करून घ्यायचं नाही. ठीक. तिथे ते कलम घातलंय म्हणून तिथे मनाई. मग ज्या तहात असं कलमच नाही, तिथे परवानगी आहेच म्हणायची! मनाई मुळातच सगळीकडे असती तर मोजक्या तहांत वेगळी लिहायची गरज काय होती?

बाल्बुस सुटला. नुसता सुटला नाही, इसवी सनपूर्व ४० मधे रोमचा कॉन्सल झाला, म्हणजे तिथलं सर्वोच्च पद, आणि जन्माने परदेशी असलेला पहिला कॉन्सल. असला अशील आम्हाला कधी मिळत नाही, आमच्याकडे बांधाची भांडणं.

आता काकांच्या केसकडे. अपवादाने नियम सिद्ध होतो तो कधी? जेव्हा नियम करणाऱ्यानेच तो अपवाद जाहीर केलेला असतो. मधल्या काकांची शुगर हे काही घराण्याच्या घटनेतलं परंतुक, म्हणजे कलमातच लिहून ठेवलेला अपवाद, नाही. तो विरोधातला पुरावा आहे. काका पुराव्याला परंतुक म्हणून दाखल करतायत, कोर्ट हे चालवून घेणार नाही.

पेठकर

काळाकोट साहेब एक नंबर! म्हणजे हे आमच्या गल्लीतल्या बोर्डासारखं झालं. पी१ लिहिलंय, म्हणजे विषम तारखेला या बाजूला गाडी लावा. सम तारखेला लावू नका असं कुठेही लिहिलेलं नाही. पण १२ तारखेला लावून बघा, टोइंगवाला चहा प्यायलासुद्धा थांबत नाही, उचलतो.

काळाकोट

अगदी तेच. फाउलर म्हणून इंग्रजीचा मोठा व्याकरणकार होता, त्याने १९२६ च्या आपल्या कोशात याच जातीचं उदाहरण दिलंय. सैनिकांना आज रात्री ११ पर्यंत बराकीबाहेर राहायची खास परवानगी. यावरून काय कळलं? की एरवी ११ च्या आत परत यायचं. तो नियम कुठेच लिहिलेला नसला तरी परवानगीच्या कागदावरूनच सिद्ध झाला. त्याने पुढे त्याच म्हणीचे लोक किती प्रकारे वाटोळं करतात तेपण क्रमाने सांगितलंय, आमचे काका त्यात शेवटच्या नंबरात बसतील.

कुंपणापर्यंत

"आमचे काका"? माझे आहेत ते :))

पण मस्तच समजलं. शेजारच्या सोसायटीत पाटी आहे 'गणपतीचे दहा दिवस क्लब हाउस रात्री बारापर्यंत उघडे', त्याचापण अर्थ आत्ता लागला.

गणिती

माझी दोन पैशांची भर. आमच्याकडे एक प्रतिउदाहरण मिळालं की विधान मेलं, रडारड नाही, तेरावा नाही. 'सगळ्या मूळ संख्या विषम असतात' हे विधान २ ने मारलं. पण 'दोन सोडून सगळ्या मूळ संख्या विषम असतात' म्हटलं की विधान जिवंत आणि अगदी खणखणीत. फरक कुठे पडला? अपवाद विधानाच्या आत घेतला, बाहेरून आपटू दिला नाही. पण आत किती घ्यायचे यालाही मर्यादा आहे. काका घराण्यातल्या एकेका माणसाला नाव घेऊन वगळत गेले तर शेवटी उरेल ते विधानसुद्धा खरंच असेल, फक्त ते कोणाबद्दल असेल ते सांगता येणार नाही.

चहाबाज

तुम्ही लोक ना, एवढ्याशा म्हणीला रोमला घेऊन गेलात. भाषा लोक बनवतात. अग्रलेखात, कॉमेंट्रीत, लग्नाच्या बैठकीत सगळीकडे लोक काकांच्याच अर्थाने वापरतात आणि समोरच्याला कळतंपण. मग तो चुकीचा कसा? तुमच्या हिशोबाने उद्या 'पंचाईत' म्हणताना पाच माणसं मोजायची का? काकांना म्हणायचंय की साधारणपणे असं असतं, एखाददुसरा वेगळा निघतो, सोडून द्या. एवढंच. उगाच कीस.

प्रूफवाचक

चहाबाज, कळतं हे मान्य. पण म्हण तेवढंच म्हणत नाहीये ना. 'एखाददुसरा वेगळा असायचाच' हे म्हणायला आपल्याकडे वाक्य आहे, मी आत्ताच लिहिलं ते. 'सिद्ध होतो' म्हटलं की दावा वाढला. तो वेगळा निघाला *म्हणून* माझं खरं ठरलं, असं होतं. इथे माणूस चूक दाखवली की उलट दक्षिणा मागतो.

आणि मराठीत हे जास्त बोचतं. इंग्रजीत निदान प्रूव्हमधे परीक्षेची एक फट आहे, निसटायला जागा आहे. मराठीत 'सिद्ध' म्हटलं की सिद्धच, वाट बंद. आपल्याकडे परीक्षेची म्हण वेगळी आहे, शितावरून भाताची परीक्षा. आता एक शीत चेपून बघितलं आणि कच्चं निघालं तर कोणी म्हणतं का की वा, म्हणजे भात शिजला हे सिद्ध झालं? झाकण ठेवून परत वाफ आणतो माणूस.

मूळ अर्थाचं अस्सल मराठी उदाहरण हवं असेल तर आमच्या टेबलावर रोज असतं. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, कवी, गुरू, पाटी, वस्तू. आणि लगेच अपवाद दिलेत, 'आणि' व 'नि' ऱ्हस्व, शिवाय परंतु, तथापि यांच्यासारखी तत्सम अव्ययं. आता नवा मुलगा येतो आणि विचारतो, सर 'कृती' ऱ्हस्व का दीर्घ? मी म्हणतो अपवादांच्या यादीत आहे का? नाही? मग दीर्घ. यादी आहे म्हणूनच यादीबाहेरच्यांवर नियम चालवता येतो. हा झाला सिसेरो, आमच्या शाईच्या डागासकट.

ओसरीवरची

सगळं वाचलं. चहाबाज पूर्ण चुकीचे आहेत असं मला वाटत नाही, कारण मधे अजून एक अर्थ आहे जो तुम्ही कोणी घेतलाच नाही आणि मला तो सगळ्यात खरा वाटतो.

माझी आजी म्हणायची, आमच्या आधीच्या काळात बायका शिकत नसत. शाळेत असताना मी फार हुशारीने तिला म्हटलं होतं, मग आनंदीबाई जोशी कशा डॉक्टर झाल्या? १८८६ साली, थेट अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून! आजी तांदूळ निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "अगं म्हणूनच तुला तिचं नाव माहितीये. घरोघरी डॉक्टरणी असत्या तर तिचा धडा कशाला लागला असता पुस्तकात?"

आता बघा, आजीने आनंदीबाईंना वगळून टाकलं नाही काकांसारखं. उलट त्यांच्याकडेच बोट दाखवलं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल होऊन गेलेलं, नवऱ्याशिवाय बोटीने प्रवास, पदवी घेऊन परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत बावीस वर्षांच्यासुद्धा पूर्ण न होता गेल्या. पदवीच्या समारंभाला पंडिता रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या होत्या. एका मुलीने डॉक्टर होणं ही एवढी मोठी घटना का झाली? कारण बाकी सगळीकडे दार बंद होतं. अपवादाचा जो गाजावाजा झाला त्यावरून नियम किती कडक होता ते कळतं. इथे 'सिद्ध होतो' म्हणायला माझी हरकत नाही. फक्त अपवाद दुर्मिळ पाहिजे आणि लोकांनी तोंडात बोट घातलेलं पाहिजे. मधल्या काकांना शुगर निघाली तेव्हा कोणी तोंडात बोट घातलं होतं का?

कुंपणापर्यंत

नाही. डॉक्टर म्हणाले, "फॅमिली हिस्टरी आहेच ना?" :(

पेठकर

ओसरीवरची यांचा प्रतिसाद काळजाला भिडला. याच चालीवर ब्रॅडमनचा शून्य! १९४८ ला ओव्हलवर शेवटची इनिंग, चार रन केले असते तर ॲव्हरेज शंभर झाली असती, होलिसने दुसऱ्याच बॉलला दांडी उडवली, ९९.९४ वर अडकला बिचारा. तो शून्य जगाला पाठ आहे कारण ब्रॅडमन शून्यावर जात नसे. अपवादाने नियम सिद्ध.

गणिती

ब्रॅडमन टेस्टमधे एकूण सात वेळा शून्यावर गेला आहे.

पेठकर

गणिती तुम्ही लग्नात जेवायला जाता तेव्हा लोक पंगत बदलतात का हो?

पंतोजी

उशिरा आलो, क्षमस्व. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नातीला सांगून टाइप करवतोय, तेव्हा चुका तिच्या.

इंग्रजांनी आणि रोमनांनी जे सांगितलं ते आपल्या व्याकरणशास्त्रात फार बारकाईने येऊन गेलं आहे आणि याचं कोणीच नाव काढलं नाही याचं नवल वाटलं. पाणिनीची सगळी रचनाच त्यावर. सर्वसाधारण नियमाला म्हणायचं उत्सर्ग, विशेष नियमाला अपवाद. आपण अपवाद हा शब्द वापरतो तो या अर्थाने तिथूनच. (एरवी संस्कृतात अपवाद म्हणजे निंदासुद्धा, लोकापवाद म्हणतो तो. काकांना दोन्ही लागू.)

पाणिनीवर पतंजलीने जे महाभाष्य लिहिलं त्यात फार गोड दृष्टांत आहे. "ब्राह्मणांना दही द्या, कौण्डिन्याला ताक." एवढंच वाक्य. आता कौण्डिन्यही ब्राह्मणच, म्हणजे पहिल्या आज्ञेने त्यालाही दही मिळायला हवं. पण ताकाची वेगळी आज्ञा आली, तेव्हा त्याचं दही बंद. दही आणि ताक दोन्ही वाढत नाहीत त्याला. याला तक्रकौण्डिन्यन्याय म्हणतात. आणि दुसऱ्या बाजूने बघा, कौण्डिन्याचं नाव घेऊन ताक सांगितलं यावरूनच बाकीच्या पानांवर दहीच पडायचं हे पक्कं होतं. काळाकोट यांनी सांगितलेली कापलेली शेपटी ती हीच.

याचीच परिभाषा, म्हणजे नियम कसे लावायचे ते सांगणारं वचन, आहे, "प्रकल्प्य चापवादविषयं तत उत्सर्गोऽभिनिविशते". आधी अपवादाची जागा बाजूला काढून ठेवायची, मग उरलेल्या जागेत नियम शिरतो. नागेशभट्टाच्या परिभाषेन्दुशेखरात ती आहे. नागेश काशीचा म्हणायचा पण घराणं मराठी, काळे आडनाव. आणि त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं ते पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न या जर्मन पंडिताने, १८६८ ते १८७४ च्या दरम्यान ते मुंबईहून छापून निघालं. आम्ही विद्यार्थी असताना त्यावरूनच मार खाल्ला.

आणखी एक. "पञ्च पञ्चनखा भक्ष्याः", पाच नखं असलेले पाच प्राणी खावेत. पतंजली विचारतो यावरून काय कळतं? की बाकीचे खाऊ नयेत. वरवर परवानगी, आतून मनाई. पेठकरांच्या पी१ चा बोर्ड तो हाच. मात्र त्यात टोइंग नव्हतं.

चहाबाज

पंतोजी दंडवत. मी माझा कीस शब्द मागे घेतो, दही-ताकावर आलं की आपला विरोध संपतो.

बेकरीवाली

म्हणजे यीस्टवालं माझं चुकलं तर! पण दृष्टांत आवडला, इथल्या मराठी मंडळात सांगते. पंतोजींच्या नातीला धन्यवाद, 'परिभाषेन्दुशेखर' एकही चूक न करता टाइप केलंय पोरीने.

कुंपणापर्यंत

मंडळी, अपडेट द्यायला आलोय. काल अधिक महिन्याचं वाण द्यायला काका-काकूंना परत जेवायला बोलावलं होतं. मी मुद्दाम काकांना सगळं सांगितलं, बाल्बुस, बराकीतले सैनिक, आनंदीबाई. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मधेच "सिसेरो चांगला वकील होता" असं सर्टिफिकेटपण दिलं, आणि शेवटी म्हणाले, "बरोबर आहे रे सगळं, पण इंग्रजीत म्हणतात ते म्हणतातच."

मग मी कौण्डिन्याची गोष्ट काढली. काकूंना ती फारच आवडली असावी, कारण हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या, दोनदा परत सांगायला लावली, नाव काय म्हणालास त्याचं, कौण्डिन्य का, असं विचारून घेतलं. आईने वाढायला घेतलं तशी काकू म्हणाल्या, "वहिनी, सगळ्यांना श्रीखंड वाढा. ह्यांना ताक."

काका पाच मिनिटं गप्प होते. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

पंतोजी

ताकाला आलं-मीठ लावलं होतं ना?

कुंपणापर्यंत

हो, आणि वरून कोथिंबीरपण. दोन पेले प्यायले. जाताना म्हणाले, ताक आमच्या घराण्यात सगळ्यांना मानवतं.